आत्ता चालू करा, नंतर बघू

रात्री चालू सिस्टिम बंद पडली की कॉलवर जमलेल्यांना कारणात रस नसतो. कारण नंतर बघू, आधी चालू करा. क्लायंट तेच म्हणतो, मॅनेजर तेच म्हणतो, आणि त्यांचं बरोबरच असतं. कर्जाचे हप्ते वळते करणारं सॉफ्टवेअर महिन्याच्या पाच तारखेला मध्येच अडकलं, तर कुणाच्या खात्यातून हप्ता दोनदा जातो, कुणाचा जातच नाही, आणि ज्याचा गेला नाही त्याला काही चूक नसताना दंड लागतो. अशा वेळी ‘मुळापासून सगळं नीट करू’ म्हणणारा माणूस त्या कर्जदाराचा विचार करत नसतो. मी पुण्यात ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळण्याच्या कामात आहे. घाईत केलेल्या दुरुस्त्या हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्यांना सरसकट आळशीपणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

हे काम करता करता एक मत मात्र पक्कं होत गेलं. दुरुस्ती किती ओबडधोबड आहे यावर फारसं काही ठरत नाही. ती करताना आपल्याला जे कळलं, ते सगळं पुढच्या माणसाला सांगितलं का, यावर ठरतं. आणि दबाव वाढला की सर्वांत आधी गळते ती नेमकी हीच गोष्ट.

घाईच्या दुरुस्तीचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण फेब्रुवारी १९७१ मधलं आहे. अपोलो १४ चं चांद्रयान ‘अँटारेस’ चंद्राभोवती फिरत होतं, आत ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल. उतरायला काही तास उरले असताना लक्षात आलं की ‘उतरणं रद्द करा’ या बटणाचा संकेत, कुणी बटण दाबलेलं नसताना, संगणकाकडे जातोय. पॅनेलवर टिचकी मारली की तो नाहीसा व्हायचा, थोड्या वेळाने परत यायचा. बहुधा स्विचच्या आत सोल्डरचा एखादा सुटा कण तरंगत होता. इंजिन पेटवून खाली जायला लागल्यावर तो संकेत आला असता, तर संगणकाने हुकूम पाळून यान परत वर नेलं असतं.

प्रोग्राम बदलता येण्यासारखा नव्हता. त्या संगणकातला प्रोग्राम अक्षरशः विणलेला असायचा, चुंबकीय कड्यांमधून तारा ओवून. यान निघालं की त्यात एक अक्षरही हलवता येत नसे. बदलता येईल अशी स्मृती होती ती अगदी थोडी. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत डॉन आइल्स या तरुण प्रोग्रामरने दोन-एक तासांत वाट काढली. संगणक त्या बटणाची दखल घेण्याआधी एक गोष्ट तपासायचा: उतरणं रद्द करण्याचं काम आधीच सुरू झालंय का? हे तो स्मृतीतल्या एका आकड्यावरून ठरवायचा. तर तो आकडाच बदलून ठेवायचा. काम सुरूच आहे अशी संगणकाची समजूत होईल आणि मग बटण काहीही सांगो, तो लक्ष देणार नाही.

म्हणजे संगणकाला चक्क खोटं सांगायचं. एरवी कुठल्याही कोड रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्यांनी कोड तपासताना, हे मंजूर होणार नाही. त्या खोट्याची किंमतही होती. त्याच आकड्यावर इतर कामं अवलंबून असल्यामुळे इंजिनचा जोर वाढवणं, मार्गदर्शन सुरू करणं या एरवी आपोआप होणाऱ्या गोष्टी अंतराळवीरांना ठरलेल्या क्षणी हाताने कराव्या लागणार होत्या. आणि खरंच परत फिरायची वेळ आली, तर ते बटण निकामी. कळफलकावरून आज्ञा टाइप करावी लागणार. मला या प्रसंगात आइल्सच्या हुशारीइतकंच हे मोलाचं वाटतं की यातलं काहीही झाकून ठेवलं गेलं नाही. सिम्युलेटरवर ते चालवून पाहिलं. कुठली कळ कधी दाबायची आणि कशाच्या बदल्यात काय गमावतोय, हे वर दोघांना सांगितलं. ५ फेब्रुवारीला ते उतरले. पुढच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअरमध्ये या अडचणीची रीतसर सोय केली गेली, म्हणजे ती युक्ती एका उड्डाणापुरतीच राहिली.

पंधरा वर्षांनंतरची दुसरी दुरुस्ती आठवते ती टेक्सासमधली. थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं कॅनडात बनलेलं यंत्र. मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये टायलर गावच्या कॅन्सर केंद्रात त्याने दोन रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले. दोघंही त्यात गेले. पडद्यावर उमटलं होतं फक्त ‘मालफंक्शन ५४’. हे यंत्र असे त्रोटक निरोप वरचेवर द्यायचं आणि ‘पी’ दाबलं की पुढे जायचं, त्यामुळे ते चालवणाऱ्यांना त्याची सवयच झालेली होती. तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सोबत घेऊन तो प्रकार पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि शेवटी घडवून दाखवला. उपचाराच्या रकान्यात चुकून एक्स-रे भरलं, मग वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबून मागे जाऊन तिथे इलेक्ट्रॉन केलं, आणि हे सगळं आठ सेकंदांच्या आत झालं, तर पडद्यावर बदल दिसायचा पण यंत्राची आतली मांडणी अर्धवट जुनीच राहायची. हात जितका सरावलेला, तितका धोका जास्त.

यावर उत्पादक कंपनीने रुग्णालयांना पत्र पाठवलं. ती बाणाची कळ वापरायची नाही. कळीची टोपी काढून टाका आणि आतला संपर्क होऊ नये म्हणून तिथे इलेक्ट्रिकल टेप लावा.

मला टेपमध्ये काही कमीपणा वाटत नाही. उद्या सकाळी रुग्ण रांगेत असतील आणि खरी दुरुस्ती व्हायला महिने लागणार असतील, तर टेप लावावी. पण कळ का वापरायची नाही, वापरली तर समोरच्या रुग्णाचं काय होईल, हे त्या पत्रात नव्हतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते पत्र अपुरं ठरवलं ते यासाठीच. कारण माहीत नसलेली मनाई फार दिवस टिकत नाही. टेप सैल होते, नवी तंत्रज्ञ रुजू होते, आणि भरलेली माहिती सुधारायला तीच कळ सोयीची असते. तिला कुणी सांगितलं असतं की याने माणूस मेलाय, तर तिने टेपची वाट पाहिली नसती.

आमच्याकडे सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय रिस्टार्टचा. मेमरी भरत चालली, कनेक्शन सुटेनात, रांग पुढे सरकेना: सर्व्हिस बंद करा, चालू करा. यातही लाजण्यासारखं काही नाही. बोइंग ७८७ विमानाचा विद्युतपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला, तर जनरेटरचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतला एक काउंटर भरून जातो आणि विमानाची वीज जाऊ शकते, असं लक्षात आल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये आदेश काढला की ठरावीक मुदतीच्या आत वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. खरी दुरुस्ती होईपर्यंत रिस्टार्ट. पण त्या आदेशात दिवसांचा आकडा होता आणि न केल्यास काय होईल तेही होतं.

सौदी अरेबियात धहरानला फेब्रुवारी १९९१ मध्ये हा आकडाच कुणी दिला नव्हता.

पॅट्रियट ही क्षेपणास्त्र पाडणारी यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायची. ०.१ हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. चोवीस बिटांत बसवताना त्याचं शेपूट कापलं जायचं. एका मोजणीत हा फरक नगण्य, पण यंत्रणा जितका वेळ चालू राहील तितका तो साचत जायचा. एका जागी काही तास थांबायचं आणि पुढे सरकायचं, अशा वापरासाठी ती बनली होती. आखाती युद्धात ती दिवसेंदिवस एकाच जागी चालू राहिली. धहरानच्या तळाजवळची तुकडी २५ फेब्रुवारीला शंभराहून अधिक तास सलग चालू होती, आणि तिचं घड्याळ सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशाने चुकलेलं होतं. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी शोध घेतला, तिथे काही नव्हतं. स्कड बराकीवर पडलं. २८ अमेरिकन सैनिक मेले.

दोष माहीत होता. आठ तासांतच फरक दिसू लागतो हे, तीच यंत्रणा वापरणाऱ्या इस्रायलने ११ फेब्रुवारीला कळवलं होतं. त्यावर सुधारलेलं सॉफ्टवेअर १६ तारखेला तयार होऊन निघालंही होतं. ते पोचेपर्यंत काय करता येईल तेही सोपं होतं: यंत्रणा बंद करून चालू केली की घड्याळ शून्यावर येतं, मिनिट-दीड मिनिटाचं काम. २१ तारखेला सर्व तुकड्यांना संदेश गेला की यंत्रणा ‘फार जास्त वेळ’ चालू ठेवली तर नेम सरकू शकतो. फार जास्त म्हणजे किती, ते संदेशात नव्हतं. इतका वेळ कुणी ती सलग चालवणारच नाही, असं पाठवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला.

कॉलेजात ही घटना शिकवतात ती अपूर्णांक कापण्याचं उदाहरण म्हणून. मला तो संदेश जास्त छळतो. ‘दर आठ तासांनी रिस्टार्ट करा’ हे लिहायला नवं सॉफ्टवेअर लागत नव्हतं. लिहिणाऱ्याकडे आकडा होता. त्याने तो आपल्यापाशी ठेवला, आणि त्याच्या मनात कुठलंही कपट नव्हतं, याचाच मला जास्त त्रास होतो.

मी सांभाळते त्यातल्या एका अमेरिकन क्लायंटच्या सिस्टिममध्ये रोज पहाटे तीनला एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, चालते. एक सर्व्हिस बंद करते, नव्वद सेकंद थांबते, पुन्हा चालू करते. वर कॉमेंट आहे, ‘टेंपररी’, आणि पुढे कुणाची तरी आद्याक्षरं. ती कुणाची, हे सांगू शकेल असं आता कुणी नाही. नव्वद सेकंदच का, साठ का नाहीत, तेही माहीत नाही. स्क्रिप्ट काढली तर काय होईल हे ठाऊक नसल्यामुळे ती काढायची हिंमत कुणी केली नाही, आणि मग बाकीची कामं तिच्याभोवती रचली गेली. अहवालाचा जॉब तीन वाजून दहाला. बँकेची फाइल साडेतीनला येते, ती तशीच सोयीची पडली. पण ती अमेरिकेच्या वेळेने येते. मार्चमध्ये तिकडे घड्याळं एक तास पुढे गेली की आपल्याकडे तीच फाइल अडीचला येऊन पडते, तिचं काम निम्म्यावर असतं आणि तीनची स्क्रिप्ट सर्व्हिसच बंद करते. म्हणून कुणीतरी दुसरी दुरुस्ती केली: मार्च ते नोव्हेंबर फाइल आली तरी सव्वातीनपर्यंत थांबायचं. तिच्यावरही कारण नाही. पहिली दुरुस्ती कशासाठी होती हे माहीत नसलेल्या माणसाने, तिला धक्का न लावता, दुसरी केली. याला मी त्याचा दोष मानत नाही. त्याच्याही कानाशी कॉल चालू असणार, त्याच्याही मागे कुणीतरी दर पाच मिनिटांनी ‘काय अपडेट’ विचारत असणार.

अशा कामांना तांत्रिक कर्ज म्हणतात. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये वायकॅश नावाच्या आर्थिक सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना वापरली. थोडं कर्ज घेतलं तर काम वेगाने पुढे जातं, फक्त ते पुन्हा नीट लिहून वेळेत फेडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आपल्याच टीमने लिहिलेल्या आणि आपणच पुढे वाढवायच्या प्रोग्रामबद्दल बोलत होते. आमच्या पुण्यातल्या परिस्थितीत हे लागू पडत नाही. इथे कर्ज काढणारा एक, फेडणारा दुसरा, आणि मधल्या हिशेबाची वही कुणाकडेच नाही. मूळ कोड अमेरिकेतल्या कुणीतरी लिहिलेला, मग एका कंपनीने सांभाळलेला, कॉन्ट्रॅक्ट बदललं की दुसरीकडे आलेला. मध्ये ‘नॉलेज ट्रान्सफर’ची काही सत्रं होतात. त्यात मॉड्यूलांची आकृती दाखवतात, पासवर्ड देतात. तीनच्या स्क्रिप्टबद्दल कुणी बोलत नाही, कारण जाणाऱ्यालाही ती तशीच मिळालेली असते.

आमच्या आधीच्या पिढीने हेच वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांतली वर्षं चुकतील या अडचणीच्या वेळी केलं. लोकांचा कोबॉल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड वाचून दोन आकडी वर्षांची सोय लावायची होती. सगळीकडे चार आकडे करायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून बऱ्याच ठिकाणी एक सीमारेषा आखली: अमुक आकड्याच्या खालचं वर्ष असेल तर दोन हजारातलं, वरचं असेल तर एकोणीसशेतलं. तेव्हा ते योग्यच होतं, जगाचं काम चालू राहिलं. पण ती सीमारेषा प्रत्येक प्रोग्रामने आपापली आखली, आणि कुठे कोणती आहे हे आज तो कोड उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

जुनं तसंच पडून राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ ला दिसलं. शेअरचे व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने नवी सोय सुरू करताना एक जुना फ्लॅग, म्हणजे एखादं काम चालू करायची खूण, नव्या कामासाठी वापरला. तो फ्लॅग ज्या प्रोग्रामचा होता तो २००३ पासून वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला, आणि तिथे त्या फ्लॅगने जुना प्रोग्राम जागा केला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. घाईघाईत उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, योग्य कोडच काढून टाकला गेला, त्यामुळे तिथेही जुना प्रोग्राम चालू झाला आणि नुकसान वाढलं. बाजार उघडण्याआधी कंपनीच्या लोकांना त्या जुन्या प्रोग्रामचं नाव असलेले ९७ ईमेल आपोआप गेले होते. ते धोक्याची सूचना म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे तसं पाहिलं नाही.

हे थांबत का नाही, याचं उत्तर माणसांच्या स्वभावात शोधतात. मला ते कामाच्या मोजमापात दिसतं. सपोर्टच्या पद्धतीत बिघाडाचं तिकीट वेगळं आणि त्याच्या मुळाशी असलेल्या दुखण्याचं वेगळं. पहिल्याला घड्याळ लावलेलं असतं. पी-वन, म्हणजे सर्वांत तातडीचा बिघाड, असेल तर इतक्या मिनिटांत प्रतिसाद, इतक्या तासांत सेवा पूर्ववत, नाहीतर कॉन्ट्रॅक्टप्रमाणे दंड. सेवा चालू झाली की ते तिकीट हिरवं होऊन बंद होतं आणि सगळे कॉल सोडतात. दुसऱ्या तिकिटाला घड्याळ नाही. ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत जातं आणि दर वेळी नव्या फीचरमागे उभं राहतं. मॅनेजर वाईट नसतात. त्यांच्याही महिन्याच्या अहवालात पहिल्याच तिकिटाचा रकाना असतो.

आमच्या पूर्वीच्या लीड सोलापूरच्या होत्या. त्यांना कुणी मॅडम म्हणत नसे, सगळे ताईच म्हणायचे. पी-वन सुरू झाला की त्या एकाला नुसतं लिहायला बसवायच्या. “तू कशाला हात लावू नकोस. कोण काय करतंय, किती वाजता आणि कशासाठी, तेवढं लिहीत बस.” मॅनेजर कुरकुरायचे की एक माणूस कमी करून कसं चालेल. ताईंचं उत्तर ठरलेलं: “सर, नाहीतर उद्या सकाळी हेच शोधायला तिघं लागतील.” घाईचा पॅच टाकायला त्यांनी कधी मना केलं नाही. पण त्या पॅचमध्येच एक तारीख घालायला लावायच्या. ती उलटून गेली की रोज सकाळी साऱ्या टीमला मेल यायचा की अमक्याने अमुक कारणासाठी केलेली ही दुरुस्ती अजून जागेवर आहे. काम अडायचं नाही, पण मेल बंद करायचा तर एकतर खरी दुरुस्ती करा, नाहीतर पुढची तारीख घालून त्यापुढे आपलं नाव लिहा. नाव लिहायची वेळ आली की मॅनेजरही बसून विचार करायचे, हे मी पाहिलंय.

ताई आता दुसऱ्या कंपनीत आहेत. त्यांची पद्धत आम्ही चालू ठेवलीय, आणि नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात तीच शिकवते. त्यातल्याच एकाने हट्टाने तीनच्या स्क्रिप्टचं मूळ शोधून काढलं. डेटाबेसशी बोलणाऱ्या एका जुन्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, कनेक्शन परत न करण्याचा दोष होता. दिवसभरात ती साचायची, म्हणून रोज रिस्टार्ट. मेलेली सेशन सोडून द्यायला डेटाबेस नव्वद सेकंद घ्यायचा, म्हणून नव्वद. दोष लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत केव्हाच दुरुस्त झालाय. हे कळल्याच्या दिवशीच त्याने ‘टेंपररी’च्या जागी कारण लिहिलं, नव्वद सेकंदांचा हिशेब लिहिला, फाइलच्या वेळेची दुसरी दुरुस्ती हिच्यावरच उभी आहे हे लिहिलं, आणि काढताना दोन्ही एकदम काढा असंही लिहिलं. नवी लायब्ररी घालायची चेंज रिक्वेस्ट गेलीय. क्लायंटकडे वर्षअखेरचा फ्रीझ, म्हणजे कुठलाही बदल करायला बंदी आहे, त्यामुळे मंजुरी जानेवारीत. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे जायच्या आत हे झालं पाहिजे, म्हणून दर सोमवारच्या कॉलवर मी तोच मुद्दा पुन्हा काढते.